आधी राख, मग सुरी

प्रोफेसर हंफ्री कॉबोल्ड वारले, आणि पेपरवाल्यांनी त्यांच्यावर दीड रकाना लिहिला. त्यात त्यांचा जन्म आहे, बक्षिसं आहेत, ग्रंथ आहे, आणि 'त्यांचे आयुष्य ग्रंथांच्या शांत सहवासात गेले' असं एक वाक्य आहे. लिहिणाऱ्याने त्यांची खोली पाहिलेली दिसत नाही. मी ती एकतीस वर्षं झाडली. तिथे शांतता असायची ती फक्त साहेब झोपल्यावर, आणि तेव्हाही ते घोरायचे.

मी टॅबिथा स्कीट. केंब्रिजच्या सेंट गथलॅक कॉलेजात बेडमेकर होते. म्हणजे अंथरुणं घालायची, शेकोटी पेटवायची, चहाचं पाणी ठेवायचं आणि साहेबलोकांनी जमिनीवर टाकलेलं उचलायचं. या कामाला बाई वयस्कर आणि दिसायला बेताचीच ठेवायची असा कॉलेजचा नियम होता, पोरांचं लक्ष पुस्तकात राहावं म्हणून. मला त्यांनी पस्तिसाव्या वर्षी एकही प्रश्न न विचारता ठेवून घेतलं. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

कॉबोल्ड साहेब मूळचे बरी गावचे, चरबीच्या मेणबत्त्या करणाऱ्याचा मुलगा. बापाची इच्छा होती की पोराने कढई ढवळावी. पण गावच्या पाद्रीबुवांना या पोरात काहीतरी दिसलं. पाद्रीबुवा फार एकटे होते, त्यांना कुणातही काहीतरी दिसलं असतं. त्यांनी सहाव्या वर्षापासून ग्रीक सुरू केलं. पुढे शाळेत एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात छडी या जुन्या रीतीने ते पक्कं झालं. साहेबांना शेवटपर्यंत ग्रीक क्रियापदं म्हणताना मागे हात नेऊन पाठ झाकायची सवय होती. अठराव्या वर्षी ते गरीब विद्यार्थी म्हणून आमच्या कॉलेजात आले, मिळतील ती बक्षिसं उचलली, आणि तेविसाव्या वर्षी फेलो झाले. फेलो म्हणजे काय, तर लग्न न करण्याबद्दल माणसाला जन्मभर जेवू घालतात.

त्यांच्या तासाला चार मुलं यायची. एक झोपायचा, एक खोली चुकून आलेला असायचा, आणि उरलेले दोघे आपसात पैज लावायचे की साहेब घसा किती वेळा खाकरतील. साहेबांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा सगळा जीव थेरॅम्नॉस नावाच्या एका ग्रीकात अडकला होता. हा थेरॅम्नॉस दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला आणि त्याने माशांवर कविता लिहिल्या. त्यातल्या बहुतेक हरवल्या, उरल्या त्या एकशे बारा ओळी. मी त्याला मासेवाला म्हणायचे. साहेबांना ते आवडायचं नाही.

"मिसेस स्कीट, ते एक महाकवी होते."

"असतील, साहेब. तुम्ही पाय उचला, मला खाली झाडायचंय."

या मासेवाल्याच्या सहा ओळी वामीबद्दल होत्या. वाम म्हणजे तो लांब, सापासारखा बुळबुळीत मासा. माझं माहेर-सासर दोन्ही एलीचं, चारी बाजूंनी दलदल, आणि माझा नवरा अमोस वामी धरूनच पोट भरायचा. आता या सहा ओळींत लिहिलं होतं असं: वामीच्या गळ्याभोवती सुरी फिरव, तिला दाराला खिळ्याने टांग, मोजा काढावा तशी कातडी ओढ, मग अंगाला राख चोळ. पुढे शिजवायचं. यावर चारशे वर्षं जगातले शहाणे डोकं आपटत होते की कातडी काढलेल्या मेल्या वामीला राख कशाला चोळायची. कुणी म्हणालं तो देवाचा विधी असेल. साहेबांनी चौऱ्याऐंशी पानं लिहून सिद्ध केलं होतं की कवी वामीच्या मरणाचं सुतक पाळतो आहे. ती चौऱ्याऐंशी पानं सात वर्षं खिडकीखाली पडून होती आणि मी रोज त्यांच्यावरची धूळ झटकत होते.

मग अठराशे एकोणसत्तरचा उन्हाळा आला. कॉलेज रिकामं, स्वयंपाकघराला कुलूप. बाकीचे साहेबलोक आपापल्या घरी गेले. कॉबोल्ड साहेब जायचे नाहीत, कारण नॉर्विचची त्यांची बहीण त्यांना भजनं म्हणायला लावायची. त्यांना सर्दी झाली होती, तीन दिवस ते बिस्किटांवर होते. मला दया आली, ही माझी चूक. माझ्या दिराने एलीहून जिवंत वाम पाठवली होती, ती मी टोपलीत घालून घेऊन गेले. शेकोटीतली मूठभर राख घेतली, वामीला नीट चोळली, गळ्याभोवती सुरी फिरवली, साहेबांच्या बाहेरच्या ओकच्या दाराला खिळा ठोकून तिला टांगली आणि कातडी ओढली. एका झटक्यात खाली.

मागे बघते तर साहेब झोपायच्या टोपीत उभे. मला वाटलं दाराला खिळा ठोकला म्हणून रागावले. तर म्हणाले, "राख... तुम्ही राख आधी लावलीत."

"मग काय नंतर लावू? राखेशिवाय ही हातात राहते होय?"

"पण थेरॅम्नॉस म्हणतात, नंतर."

मी त्यांना त्या ओळी आपल्या भाषेत म्हणायला लावल्या आणि दारातच हसत सुटले. म्हटलं, "साहेब, तुमच्या मासेवाल्याला स्वयंपाक येत होता. ज्याने उतरवून घेतलं त्याला येत नव्हता. राखेची ओळ पहिली घ्या. आधी राख, मग सुरी. आमच्याकडे आठ वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं."

साहेब खाली बसले. पायरीवरच. नंतर वाम खाल्ली, आणि खाताना दोनदा रडले. सर्दीमुळे, असं म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी ती चौऱ्याऐंशी पानं शेकोटी पेटवायला मला देऊन टाकली. तेवढं मात्र मला आवडलं.

ग्रंथ व्हायला तीन वर्षं लागली. साहेबांनी स्वतःहून सांगितलं होतं, "प्रस्तावनेत तुमचं नाव घालणार, मिसेस स्कीट." मी ते अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं. अंथरुणं घालणाऱ्या बाईचं नाव छापतं कोण? फार तर कोर्टातल्या बातमीत. मला ते नाव हवं होतं, खोटं कशाला बोलू. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मला इतकी हवी झाली. अमोससुद्धा नाही, तो आपला मिळाला.

ग्रंथ आला, बहात्तर साली. प्रस्तावना लॅटिनमध्ये. तशीच रीत आहे, वाचणाऱ्याला घरच्यासारखं वाटू नये म्हणून. साहेबांनी बोट ठेवून एक शब्द दाखवला: स्किटियस. म्हणाले, स्कीटचं लॅटिन असंच होतं. मी ते पान उघडून चर्चमध्ये नेलं, खाटकाच्या दुकानात नेलं. थेरॅम्नॉसचा तो क्रम युरोपभर गाजला. पेपरात आलं, मोठमोठ्या पंडितांनी साहेबांना पत्रं लिहिली, आणि ज्या मेजावर साहेबांना कुणी मीठ पुढे करत नव्हतं तिथे त्यांना दुसऱ्यांदा पुडिंग विचारायला लागले.

दोन वर्षांनी आमच्या कॉलेजच्या पाद्र्यांकडे मी कौतुकाने ते पान नेलं आणि वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी दाखवलं. 'हा क्रम मला एलीचे वयोवृद्ध गृहस्थ स्किटियस यांनी सुचवला. हे थोर पंडित गेली चाळीस वर्षे प्रसिद्धीपासून दूर राहून ग्रीक कवींचे परिशीलन करीत आहेत.'

म्हणजे मला दाढी लावली होती.

मी तशीच जिना चढून गेले. दार वाजवलं नाही. साहेब अंडं खात होते. मी त्यांना त्यांचीच प्रस्तावना म्हणून दाखवली. साहेबांचे कान लाल झाले. म्हणाले, समजून घ्या, एका बेडमेकर बाईने सांगितलं असं लिहिलं असतं तर तो क्रम कुणी मान्यच केला नसता, जर्मनीत तर हसून लोळले असते.

"मग पंडिताचं नाव खरं तरी घालायचंत. 'कॉबोल्ड' म्हणायचंत. चोरी तरी सरळ झाली असती."

"ते खोटं झालं असतं," साहेब म्हणाले, आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. असली ही माणसं.

दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो असं त्यांनी वचन दिलं. मी महिनाभर त्यांना कोमट चहा दिला. दुसरी आवृत्ती निघाली नाही, कारण पहिलीच उंदीर खात होते.

इकडे स्किटियसचं बरं चाललं होतं. जर्मनीतल्या एका विद्यापीठात क्लाम्रोथ नावाचे प्रोफेसर होते, माशांच्या कवींचे सगळ्यांत मोठे जाणकार. त्यांनी स्किटियसला पत्र लिहिलं, कॉबोल्ड साहेबांच्या पत्त्यावर. उत्तर न देणं असभ्य दिसलं असतं म्हणून साहेबांनी स्किटियसच्या नावाने उत्तर दिलं. मग त्याचं उत्तर आलं. अशी चार वर्षं. साहेबांना त्यात गोडी लागली. स्किटियस म्हणून लिहिताना ते खुशाल माणसांची टर उडवायचे, एकदा तर स्किटियसने कॉबोल्डलाच मठ्ठ म्हटलं. मी खोली झाडत असताना साहेब स्वतःशीच खुदखुदत लिहायचे. माझ्या नावावर या माणसाला इतकी मजा येतेय हे बघून माझ्या हातातला झाडू जरा जोरातच चालायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात क्लाम्रोथांनी कळवलं की मी वसंतात येतोय, स्किटियसना भेटायला. साहेबांनी दोन दिवस अन्न टाकलं आणि तिसऱ्या दिवशी स्किटियसला मारून टाकलं. छातीत कफ होऊन गेले, असं लिहिलं. माझं मरण माझ्याच देखत लिहून, टीपकागदाने टिपून, टपालात पडलं. सुंठीवाचून खोकला गेला असं साहेबांना वाटलं असेल. पण उलट टपालाने क्लाम्रोथांचं शोककाव्य आलं, आणि खाली लिहिलेलं: तरीही येतो, समाधीवर हार घालायला.

त्याच सुमाराला ग्रीकच्या प्रोफेसराची जागा रिकामी झाली होती. साहेब बावन्न वर्षांचे. ही गेली तर पुढची जागा रिकामी होईपर्यंत साहेबच रिकामे झाले असते. निवडणारे सात जण होते, त्यांतल्या एकानेही थेरॅम्नॉस उघडला नव्हता. ते क्लाम्रोथांनाच विचारणार होते की हा कॉबोल्ड कसा काय आहे. म्हणजे क्लाम्रोथांना कळलं असतं की स्किटियस हे थोतांड आहे, तर साहेबांचं सगळं मुसळ केरात.

साहेब माझ्या घरी आले. पहिल्यांदाच. टोपी दोन्ही हातांत धरून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मिसेस स्कीट, तुमचे यजमान... कुठे पुरलेत?"

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी खुर्चीत बसले. आमचा अमोस देवमाणूस होता, पण त्याने दारूच्या गुत्त्याची पाटी सोडून आयुष्यात काही वाचलं नव्हतं, आणि ती पाटीही चित्राची होती.

मी म्हटलं, "दाखवते. पण एका अटीवर. तिथे उभं राहून त्या जर्मन साहेबांना खरं सांगायचं. माझं नाव घेऊन. नाहीतर मीच सांगते."

साहेब पांढरे पडले. म्हणाले, माझी जागा जाईल. मी म्हटलं, माझी तर कधी नव्हतीच. ते बराच वेळ टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, बरं. मला काही ते खरं वाटलं नाही.

एप्रिलमध्ये आम्ही तिघं आगगाडीने एलीला गेलो. क्लाम्रोथ साहेब म्हणजे गोल, गुलाबी माणूस, डोळ्यांत लगेच पाणी यायचं. मांडीवर टोपीचा डबा, त्यात घरून आणलेला लॉरेलच्या पानांचा हार. माझी ओळख कॉबोल्ड साहेबांनी 'मिसेस स्कीट' एवढीच करून दिली आणि लगेच खिडकीबाहेर गायी बघायला लागले. क्लाम्रोथांनी माझा हात हातात घेतला तो गाडी थांबेपर्यंत सोडला नाही. "पूज्य विधवाबाई," असं म्हणायचे मला.

अमोसचा दगड जमिनीसरसा आडवा आहे. वामी धरणाऱ्या त्याच्या सोबत्यांनी बसवला. वर एक वाम कोरलेली, मग अमोस स्कीट, आणि खाली पायथ्याशी १८६८. स्किटियस मेला होता अठ्ठ्याहत्तरमध्ये. कॉबोल्ड साहेब गेले ते थेट त्या सालावर दोन्ही बूट ठेवून उभे राहिले.

क्लाम्रोथांना ती कोरलेली वाम दिसली आणि त्यांचा बांधच फुटला. "आपला शोध त्यांनी समाधीवर कोरवून घेतला!" मग हार ठेवून त्यांनी लॅटिनमध्ये वीस मिनिटं भाषण केलं. ऐकायला मी, कॉबोल्ड साहेब, कबरी खणणारा म्हातारा आणि तीन बदकं. अमोसला त्याच्या जन्मात कुणी सलग वीस मिनिटं बोललं असेल तर मीच, आणि तेही कौतुकाने नव्हे.

भाषण संपलं. मी कॉबोल्ड साहेबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी घसा खाकरला, मागे हात नेऊन पाठ झाकली, आणि बोलायला लागले.

"क्लाम्रोथ, स्किटियस नावाचा पंडित कधी नव्हताच. या दगडाखाली वामी धरणारा एक माणूस आहे. ओळींचा क्रम लावला तो या टॅबिथा स्कीटबाईंनी, माझ्या दारात वाम सोलताना. माझं त्यात काही नाही. तुम्हाला पत्रं लिहिली ती मी." आणि ते दगडावरून बाजूला झाले. "हे साल बघा."

मला काय वाटलं ते सांगते. चार वर्षं मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या त्या क्षणी परत घ्याव्याशा वाटल्या. भित्रा माणूस धीर करतो तेव्हा बघवत नाही.

क्लाम्रोथांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कॉबोल्ड साहेबांना मिठी मारली.

"मित्रा! एका दुःखी विधवेच्या सांत्वनासाठी तुम्ही आपली कीर्तीसुद्धा ओवाळून टाकता! इंग्लिश सभ्यतेबद्दल मी केवळ ऐकून होतो."

"पण पत्रं मी लिहिली," कॉबोल्ड साहेब त्यांच्या कोटात तोंड दाबलेलं असताना म्हणाले.

"नाही, मित्रा. आपले लॅटिन मला ठाऊक आहे. स्किटियसांचे फार सरस होते."

मी पुढे झाले. म्हटलं, साहेब खरं सांगतायत, राखेचं मीच सांगितलं. क्लाम्रोथांनी अगदी मायेने विचारलं, "बाई, आपणांस ग्रीक येते?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातावर थोपटलं, की पतीचे शब्द पत्नीच्या मनात असेच राहतात. मग ते वाकले, चष्मा लावून त्यांनी साल वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सरळ होऊन म्हणाले, "कोरणाऱ्याची चूक आहे. सहाच्या जागी सात वाचावा." वही काढून त्यांनी ते टिपूनही घेतलं.

कॉबोल्ड साहेबांना जागा मिळाली. क्लाम्रोथांनी सातही जणांना लिहिलं होतं, त्यात पांडित्यापेक्षा अंतःकरणाबद्दल जास्त होतं म्हणे. पुढे मरेपर्यंत ते प्रोफेसर होते, आणि स्किटियस आजही पुस्तकांत आहे, अठराशे अठ्ठ्याहत्तरमध्ये मेलेला. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी क्लाम्रोथ एलीलाच राहिले, कॅथेड्रल बघायला. परतीच्या गाडीत आम्ही दोघंच. अर्ध्या वाटेपर्यंत साहेब खिडकीबाहेर गायीच बघत होते.

"मी सांगितलं, मिसेस स्कीट," मग ते म्हणाले. "तुम्ही ऐकलंत ना? शब्द न् शब्द सांगितला."

"सांगितलंत, साहेब. पण थडग्यापाशी सांगितलंत. तिथे माणूस सगळ्यांबद्दल चांगलंच बोलतो, म्हणून तिथलं कुणी खरं धरत नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. परत लावला.

"मग कुठे सांगायला हवं होतं?"

"पुस्तकात," मी म्हटलं. "तिथे तुम्ही खोटं लिहिलंत, तेसुद्धा सगळ्यांनी खरं मानलं."